राखणीचा कुत्रा : धांवणारा आणि थांबणारा

आपल्या बीड जिल्ह्यांतील शेतकरी बैल घेतांना दांत पाहतो, खूर पाहतो, औताला जुंपून पाहतो आणि मगच उपरण्याखालीं बोटें धरून सौदा करतो. म्हैस घेतांना दोन वेळां धार काढून पाहिल्यावांचून तो पैसे मोजीत नाहीं. परंतु ज्याच्या भरंवशावर हीं सारीं जनावरें रात्रीं आखाड्यावर सोडून आपण झोंपतों, त्या कुत्र्याची पारख मात्र आपण नांवावरून आणि किंमतीवरून करतों. ही चूक आमच्या हातून झाली आणि तिच्यापायीं आमच्या पांच शेळ्या गेल्या. ती दुसर्‍या कोणाच्या हातून होऊं नये, एवढ्याच हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

महसूल खात्यांतील कारकुनी संपवून आम्ही पाटोदा तालुक्यांतील वडिलोपार्जित जमिनीवर राहावयास आलों. जमीन बालाघाटाच्या माळाला लागून आहे. अकरा उस्मानाबादी शेळ्या पाळल्या आणि राखणीस म्हणून एका बाजारांतून ‘अस्सल कारवान’ जातीचा तरणा कुत्रा भारी किंमत देऊन आणला. कुत्रा खरोखरच देखणा होता. उंच पाय, चिंचोळें तोंड, आंत ओढलेलें पोट. येणारे-जाणारे थांबून पाहात. मार्गशीर्षांतील एका रात्रीं माळाच्या अंगानें एक लांडगा आला. कुत्रा बाणासारखा त्याच्यामागें सुटला आणि क्षणांत अंधारांत दिसेनासा झाला. आमचा सालगडी आनंदानें म्हणाला, “हुसकावला बघा, भाऊसाहेब!” आम्हींही निश्चिंतपणें पाठ टेकली. पहांटे उठून पाहतों तों गोठ्यामागील कांट्यांच्या कुडाला भगदाड पडलेलें आणि पांच शेळ्या मरून पडलेल्या. एक लांडगा पुढें पळाला होता. दुसरे मागून आले होते. कुत्रा दिवस उगवल्यावर धापा टाकीत परत आला.

त्या दिवसांत शेजारच्या शेतांत धनगरांचा वाडा बसला होता. त्यांतील एक वृद्ध आबा पाहावयास आले. आम्ही रागानें कुत्र्यास बोल लावीत होतों. ते म्हणाले, “भाऊसाहेब, कुत्र्याचा काय दोष? त्याचं काम पळायचं, ते त्यानं केलं. तुम्हाला थांबणारा कुत्रा पाहिजे होता.” राखणीच्या कुत्र्याचें सारें शास्त्र या एका वाक्यांत आहे, असें आतां आम्हांस वाटतें. पुढील विवेचन हा त्याचाच विस्तार समजावा.

आपल्या भागांत कुत्र्याची जुनी सोबत

कुत्रा आपल्या शेतकरी जीवनांत किती पूर्वींपासून आहे, याचा एक सुंदर पुरावा आपल्या शेजारच्याच जिल्ह्यांत मिळाला आहे. अहिल्यानगर म्हणजे पूर्वींच्या अहमदनगर जिल्ह्यांत, प्रवरेच्या कांठीं दायमाबाद म्हणून स्थळ आहे. तेथें १९७४ मध्यें धातूच्या चार ओतीव वस्तू सांपडल्या. हत्ती, गेंडा व रेडा यांच्या आकृति आणि चौथा बैल जुंपलेला रथ. रथांत एक पुरुष उभा आहे आणि त्याच्या पुढें रथाच्या दांडीवर एक कुत्रा उभा आहे. बैल, माणूस आणि कुत्रा अशी ही तिकडी कोणा अज्ञात कारागिरानें हजारों वर्षांपूर्वीं एकत्र ओतून ठेविली. पुढें खंडोबाच्या मूर्तीजवळ कुत्रा आला आणि दत्तात्रेयाच्या पायांशीं चार कुत्रे आले. असो. पूज्यभाव प्राचीन आहे. पारख मात्र आपण विसरत चाललों आहों.

कारवान व पश्मी यांची उत्पत्ति

‘कारवान’ हा फारसी शब्द असून त्याचा अर्थ प्रवासी व्यापार्‍यांचा काफिला असा आहे. आपल्याकडील ‘तांडा’ या शब्दाचा अर्थही मूळचा तोच. तेव्हां कारवान कुत्रा म्हणजे तांड्याचा कुत्रा, हें नांवावरूनच उघड होतें. अरबस्तानांतील सलुकी आणि इराण-अफगाणिस्तानाकडील ताझी या कुत्र्यांशीं त्याचें अंगलटीचें साम्य इतकें आहे कीं, पश्चिम व मध्य आशियांतून आलेल्या फौजा, सौदागर व घोड्यांचे व्यापारी यांच्याबरोबर या जातीचे पूर्वज दख्खनेंत आले असावेत, असें सामान्यतः मानतात. बहामनी काळापासून दाभोळ, चौल यांसारख्या बंदरांत अरबी घोडे उतरत आणि घांट चढून दख्खनेंत येत, ही गोष्ट इतिहासांत प्रसिद्ध आहे.

येथें आल्यावर हा कुत्रा वाढला तो मुख्यतः बंजारा लोकांच्या तांड्यांत. हजारों बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून हे लोक मोगलांच्या आणि पुढें निजामाच्या फौजांना रसद पोंचवीत. मुक्कामाच्या ठिकाणीं गोण्यांची थप्पी रचून तिच्याभोंवतीं तांडा उतरे आणि रात्रीं कुत्रीं मोकळीं सुटत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आगगाडी आली, बैलांच्या पाठीवरील व्यापार बुडाला आणि तांडे ठिकठिकाणीं स्थायिक झाले. आपल्या जिल्ह्यांतही डोंगरपट्ट्यांत अशीं तांड्यांचीं वस्तीस्थानें पुष्कळ आहेत. त्यांतील अनेक कुटुंबें दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीस जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. पूर्वीं कुत्रें तांड्याबरोबर वर्षभर चाले. आतां मालक सहा महिने परगांवीं आणि कुत्रें गांवच्या कुत्र्यांत. मग वंश शुद्ध राहावा कसा?

गुळगुळीत, आंखूड केंसांच्या कुत्र्यास कारवान म्हणतात आणि ज्याच्या कानांवर, शेंपटीवर व पायांच्या मागील बाजूस रेशमासारखे लांब केंस असतात त्यास पश्मी म्हणतात. ‘पश्म’ म्हणजे मऊ लोंकर. ‘पश्मिना’ हा शब्द त्यावरूनच आला.

याच कुळांतील एक शाखा मुधोळची होय. मुधोळ संस्थान आजच्या कर्नाटकांतील बागलकोट जिल्ह्यांत होतें. तेथील राजे मालोजीराव घोरपडे यांनीं या कुत्र्यांची जोपासना केली व पंचम जॉर्ज बादशहास एक जोडी नजर केली, तेव्हांपासून ‘मुधोळ हाउंड’ हें नांव सर्वतोमुखीं झालें. २००५ मध्यें भारतीय टपाल खात्यानें देशी कुत्र्यांचीं जीं चार तिकिटें काढलीं, त्यांत मुधोळ होता. २०२० मध्यें कर्नाल येथील राष्ट्रीय पशु अनुवंश संसाधन ब्यूरोनें देशी कुत्र्यांच्या जातींची नोंदणी केली, तींत राजापालयम व चिप्पीपराई यांच्याबरोबर मुधोळचेंही नांव आलें. मुधोळजवळ तिम्मापूर येथें या जातीसाठीं विद्यापीठाचें स्वतंत्र केंद्र आहे. वाचकांनीं हें लक्षांत ठेवावें कीं, आपल्या तांड्यावरचें कुत्रें व मुधोळचें कुत्रें यांत रक्ताचें अंतर थोडें असलें तरी कागदाचें अंतर फार मोठें आहे.

कारवानचीं लक्षणें

चांगल्या नराची उंची खांद्यापाशीं सुमारें ६८ ते ७२ सेंटिमीटर, म्हणजे २७-२८ इंच भरते; मादी यापेक्षां थोडी कमी. डोकें लांब व निमुळतें, जबडा बळकट, डोळे मोठे, कान गालाशीं लोंबते, मान लांब, छाती खोल, पोट आंत ओढलेलें, मांड्या रुंद आणि शेंपटी लांब व टोंकाशीं वळलेली. रंग पिवळसर, तांबूस, पांढुरका, काळा, ठिपकेदार असा कोणताही असूं शकतो. रंगावरून अस्सलपणा ठरवूं नये.

हें कुत्रें वासानें नव्हे, तर नजरेनें शिकार करतें. पळणारी वस्तु दिसली कीं तिच्यामागें जाणें हा त्याचा जन्मधर्म आहे. घरच्या माणसांशीं तें एकनिष्ठ असतें, परक्यानें अंगाला हात लावलेला त्यास खपत नाहीं आणि त्याची दृष्टि फार तीक्ष्ण असते. या गुणांमुळें वाडा, खळें, गंजी किंवा मोटारीच्या खोलीची राखण तें बरी करतें. चोर दुरून दिसतो आणि कुत्रें त्यास कळवितें. परंतु मोकळ्या माळावरील कळपाची राखण केवळ त्याच्यावर सोंपविणें म्हणजे शर्यतीच्या घोड्यास नांगराला जुंपणें होय. शिवाय त्यास दोरीला सतत बांधून ठेविल्यास तें चिडखोर अथवा भित्रें बनतें. रोज मोकळें धांवूं देण्याची सोय नसेल त्यानें ही जात पाळूं नये.

धनगरी कुत्रा

दुसरी जात धनगरांची. तिला राजा मिळाला नाहीं, तिचें तिकीट निघालें नाहीं आणि तिच्या उंचीचें माप कोठें छापलेलें नाहीं. दख्खनी मेंढरांबरोबर पिढ्यान् पिढ्या चालत आलेला हा कुत्रा दिसावयास साधा असतो. अंगानें भरलेला, मान व छाती जाड, केंस कारवानपेक्षां दाट, रंग नाना तर्‍हेचे. बाजारांत त्याकडे कोणी वळूनही पाहणार नाहीं. त्याचें लक्षण अंगांत नसून वागणुकींत आहे, आणि तेंच आबांनीं आम्हांस एका रात्रींत दाखविलें.

त्या रात्रीं आम्ही वाड्यावर बसलों होतों. मेंढरें वाघरींत कोंडलेलीं. तीन कुत्रीं तीन अंगांस पडलेलीं. मध्यरात्रीं माळाकडून कांहीं हालचाल झाली. एक कुत्रें उठून वीस-पंचवीस पावलें पुढें गेलें आणि तेथेंच उभें राहून भुंकूं लागलें. दुसरीं दोन्ही उठलीं. परंतु तीं त्याच्याकडे न धांवतां आपापल्या बाजूस तोंड करून उभीं राहिलीं. पुढें गेलेलें कुत्रें थोडा वेळ भुंकून मागें आलें आणि मेंढरांना घासून पूर्ववत पडलें. आबा म्हणाले, “लांडगा एक दिसला तर दुसरा मागं असतोच. जे कुत्रं वाडा सोडून लांब जातं, त्याची पिल्लं आम्ही ठेवत नाही. जे मेंढराला दांत लावतं, त्याचीही नाही.” ही निवड शेकडों वर्षें चालली आहे. यालाच पुस्तकी भाषेंत पैदाशीचें शास्त्र म्हणतात.

जगांत इतरत्रही हाच अनुभव आहे. तुर्कस्तानांतील कांगाल कुत्रा मेंढरांच्या कळपांतच वाढतो. हिमाचलांतील गद्दी मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यांत बिबट्यापासून बचाव म्हणून अणकुचीदार लोखंडी पट्टा घालतात. आफ्रिकेंतील नामिबिया देशांत शेतकरी चित्ते मारीत. तेथें १९९४ पासून तुर्की जातीचीं राखणदार कुत्रीं शेतकर्‍यांना देण्यांत येऊं लागलीं. कळपाजवळ कुत्रा असला कीं चित्ता बहुधा दुसरीकडे वळतो. शेळीही वांचते आणि चित्ताही वांचतो. राखणदार कुत्र्याचें यश शत्रूस मारण्यांत नसून त्यास जवळ न येऊं देण्यांत आहे.

पिलाची निवड व वाढ

रक्त चांगलें असून वाढ चुकली तर कुत्रा वायां जातो. म्हणून पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्यात.

पिल्लूं पाहण्यापूर्वीं त्याची आई कामावर असतांना पाहावी. ती रात्रीं कोठें पडते, कळपापासून किती दूर जाते, मालकाच्या हांकेस येते कीं नाहीं, हें पाहून मगच पिलाकडे वळावें. कुत्री सुमारें ६३ दिवस गाभण असते. पिलांचे डोळे १० ते १४ दिवसांत उघडतात. आठ आठवड्यांच्या आंत पिल्लूं आईपासून तोडूं नये. लवकर तोडलेलें पिल्लूं पुढें चावरें किंवा भित्रें निघण्याचा संभव असतो.

आठव्या आठवड्यापासून चौथ्या महिन्याच्या अखेरीपर्यंतचा काळ अत्यंत मोलाचा. राखणीचें पिल्लूं या काळांत शेळ्या-मेंढ्यांतच ठेवावें. त्याची झोंपण्याची जागाही त्यांच्यांतच असावी. सुरुवातीस जाळीच्या आड ठेवून मोठ्या शेळीची धडक त्यास बसणार नाहीं अशी काळजी घ्यावी. मुलांनीं त्यास घरांत नेऊन खेळविलें तर तें माणसांचें कुत्रें होतें, कळपाचें होत नाहीं. तरी माणसांची मुळींच ओळख नसावी असेंही नाहीं; धनी, सालगडी व जनावरांचा डॉक्टर यांनीं हात लावूं दिला पाहिजे.

सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत पिल्लूं खोडकर असतें. करडांमागें धांवतें, कान ओढतें. तें चालूं देऊं नये. तत्क्षणीं दटावून बाजूस करावें; मारझोड करूं नये. दीड ते दोन वर्षांपूर्वीं त्याच्यावर पूर्ण भिस्त ठेवूं नये. एका कळपास एकापेक्षां दोन कुत्रीं केव्हांही बरीं. कारण एक पुढें गेलें तरी दुसरें मागें राहतें.

नुसत्या भाकरीवर कुत्र्याची हाडें भरत नाहींत. भाकरीबरोबर दूध, अंडें, शिजविलेलें मांस यांपैकीं कांहीं मिळालें पाहिजे. उरलेल्या कालवणांतील कांदा कुत्र्याच्या रक्तास अपायकारक असतो, म्हणून तसें कालवण घालूं नये.

रोगांविषयीं दोन इशारे

पहिला पिसाळीचा. पिल्लूं तीन महिन्यांचें होतांच पिसाळीची लस टोंचून घ्यावी, पशुवैद्य सांगतील तेव्हां दुसरी मात्रा द्यावी आणि पुढें दरवर्षीं चुकवूं नये. कुत्रें चावल्यास जखम वाहत्या पाण्यानें व साबणानें पंधरा मिनिटें धुऊन लगेच दवाखान्यांत जाऊन लस घ्यावी. हळद, चुना, तिखट जखमेवर भरूं नये. रोग एकदां प्रकट झाला म्हणजे माणूस बहुधा वांचत नाहीं.

दुसरा इशारा पुष्कळांस माहीत नसतो. मेलेल्या किंवा कापलेल्या मेंढराचें कच्चें डोकें कुत्र्यास टाकण्याची चाल आहे. मेंढराच्या मेंदूंत पाण्याच्या फोडासारखी गांठ असल्यास ती खाल्ल्यानें कुत्र्याच्या आंतड्यांत पट्टकृमि वाढतात. त्यांचीं अंडीं विष्ठेवाटे गवतावर पडतात. तें गवत खाऊन दुसरीं मेंढरें मान वांकडी करून गरगर फिरूं लागतात व मरतात. आपणच आपल्या कुत्र्याच्या द्वारें आपल्या कळपांत रोग पेरतों. म्हणून डोकें, काळीज, फुप्फुस कच्चें कधींही घालूं नये आणि कुत्र्यास दर तीन महिन्यांनीं जंताचें औषध द्यावें.

कायदा व मर्यादा

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें लांडगा, बिबट्या व काळवीट यांस संरक्षण आहे. कुत्रा सोडून हरणाची किंवा सशाची शिकार करणें हा गुन्हा आहे. तसेंच मेलेल्या शेळींत विष घालून लांडगे मारणें हाही गुन्हा आहे. शिवाय त्या विषानें प्रथम आपलींच कुत्रीं मरतात. वन्य पशूनें जनावर मारल्यास वन खात्याकडून भरपाई मिळते. आमच्या उभ्या नोकरींत पंचनाम्याच्या कागदांशीं संबंध आला असल्यानें सांगतों, मेलेलें जनावर जागेवरून हलवूं नये आणि त्याच दिवशीं वन खात्यास खबर द्यावी. आम्हीं स्वतः रागाच्या भरांत शेळ्या पुरून टाकल्या आणि हक्कास मुकलों!

कुत्र्याचीही मर्यादा ओळखावी. लांडग्यास तो अडवितो. पण बिबट्यापुढें एकट्या कुत्र्याचें कांहीं चालत नाहीं, उलट तोच त्याचें भक्ष्य होतो. २०२० च्या अखेरीस आष्टी तालुक्यांत बिबट्यानें माणसें मारलीं, हें वाचकांच्या स्मरणांत असेलच. असा वावर असेल तेथें शेळ्यांप्रमाणें कुत्रेंही रात्रीं बंदिस्त गोठ्यांत घ्यावें.

नोंदवहीची आवश्यकता

आबांनीं पुढें आपल्या कुत्रीचें एक मादी पिल्लूं आम्हांस दिलें. पैसे देऊं लागलों तर घेईनात. त्यांनीं दोनच अटी घातल्या: पिल्लूं शेळ्यांतच वाढवावें आणि तिच्या पहिल्या विणींतील एक पिल्लूं वाड्यावर परत द्यावें. ती कुत्री आतां तीन वर्षांची आहे. कुडाच्या आंत शेळ्यांत पडते, भुंकते आणि कुडापासून दूर जात नाहीं. त्यानंतर आमची एकही शेळी लांडग्यानें नेलेली नाहीं. जुना कारवानही आमच्याकडेच आहे. तो घराच्या ओसरीवर असतो आणि तेथें त्याचें काम तो उत्तम करतो. दोष त्याचा नव्हता, आमच्या निवडीचा होता.

पिल्लूं आणतांना आम्हीं आबांस तिच्या घराण्याविषयीं विचारलें. त्यांनीं आई, आजी, पणजी अशा चार पिढ्या नांवानिशीं सांगितल्या. कोणत्या वर्षीं कोणत्या गांवच्या माळावर कोणत्या कुत्रीनें वाडा राखला, हें त्यांना तोंडपाठ होतें. हें सारें त्यांच्या डोक्यांत आहे, कागदावर कोठेंही नाहीं. आबांचे नातू मेंढरें सोडून शहरांत कामाला गेले आहेत. आबांबरोबर त्या चार पिढ्याही जातील.

जमिनीचा सात-बारा नसेल तर जमीन डोळ्यांपुढें असूनही हातची जाते, हें आम्हीं तीस वर्षें पाहिलें. मुधोळच्या कुत्र्यांना कागद मिळाला म्हणून तीं टिकलीं. आपल्या तांड्यांचीं व वाड्यांचीं कुत्रीं कागदावांचून नाहींशीं होत आहेत. आमची आपल्या सभासदांस अशी सूचना आहे कीं, संस्थेनें एक नोंदवही ठेवावी. तींत कुत्र्याचें नांव, जन्मतारीख, आईबाप, रंग, उंची, राखणीचें ठिकाण, लस टोंचल्याची तारीख आणि कळपाशीं वागणूक एवढे रकाने पुरेत. प्रत्येकानें आपल्या गांवच्या धनगर व बंजारा वडीलधार्‍यांकडे जाऊन त्यांच्या तोंडची माहिती लिहून आणावी. त्यांचें नांव तींत आदरानें घालावें. कारण हा वंश त्यांनीं राखला आहे, आपण नव्हे.

आम्हीं आपल्यापुरती वही घातली आहे आणि तींत पहिली नोंद आमच्या कुत्रीची, आबांनीं सांगितलेल्या चार पिढ्यांसह, केली आहे. येत्या महिन्यांत ती विणार आहे. पहिलें पिल्लूं ठरल्याप्रमाणें वाड्यावर जाईल आणि दुसरी नोंद त्याचीच होईल.